गेमबॉय मियामोतोंनी नाही, योकोइंनी बनवला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही गेमिंगमधल्या करिअरवर पान भरून लेख दिलात, फोटो पण झकास होते, पण खालच्या चौकटीत छापलंय की गेमबॉय (निन्टेंडो कंपनीचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) हा मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी बनवला. साहेब, हे चूक आहे. मियामोतो मोठा माणूस, त्यांचं काही कमी करायचं नाहीये मला, मारिओचा गेम त्यांचा, झेल्डाचा गेम त्यांचा, पण गेमबॉय त्यांचा नाही. तो गुनपेई योकोइ आणि त्यांच्या टीमचा.

मी कोण म्हणाल तर लालबागला टीव्ही, मिक्सर, सेटटॉप बॉक्स असलं सगळं रिपेअर करतो, तीस वर्षं झाली, गेमवाला वगैरे कोणी नाही. पण ज्या माणसाला मनातल्या मनात गुरू मानलं त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर चढलेलं दिसलं आणि राहवेना, सोल्डरिंग बाजूला ठेवून लिहायला बसलो. मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघून घ्या.

तर हे योकोइ. जन्म १९४१, क्योटो. दोशिशा युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले. आता निन्टेंडो म्हटलं की आपल्याला टीव्ही गेम आठवतो, पण ती कंपनी १८८९ ची, आणि तेव्हा तिचा धंदा म्हणजे पत्ते. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. योकोइंचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशीनचं मेंटेनन्स! मशीन चालू तोवर ह्यांना काम नाही, बंद पडलं की धावायचं. आपल्याकडच्या कुठल्याही कंपनीतला मेंटेनन्सवाला घ्या, दिवसभर हेच असतं. तर बसल्या बसल्या टाईमपास म्हणून त्यांनी एक लांब होणारा हात बनवला. गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगांच्या लिफ्टला तो ओढून बंद करायचा जाळीचा दरवाजा असतो ना, फुल्या फुल्यांचा, दाबला की मिटतो आणि ओढला की पसरतो, तीच सिस्टीम, फक्त पुढे पकड. मुठीत हँडल दाबलं की हात लांब जाऊन समोरची वस्तू पकडणार.

ते कंपनीच्या मालकांनी, हिरोशी यामाउचींनी बघितलं. आता कामाच्या वेळेत खेळणी बनवताना मालकाने पकडलं आणि केबिनमध्ये बोलावलं तर कोणाला वाटेल बरं बोलावलंय म्हणून. गेले तर मालक म्हणाले, याचं खेळणं कर, विकायचंय. १९६६ मध्ये ते 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आलं आणि दहा लाखाच्या वर खपलं. मेंटेनन्सवाला डिझायनर झाला तो असा. कुठला कोर्स नाही, पोर्टफोलिओ नाही (म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, हा शब्द का काढला ते पुढे सांगतो).

मग १९६९ मध्ये 'लव्ह टेस्टर'. हे तर मला फार आवडतं कारण हे मी दुकानात करून बघितलंय. एक मुलगा एक मुलगी एकमेकांचा हात धरणार, मोकळ्या हातात मशीनचा एकेक गोळा धरणार आणि काटा सांगणार प्रेम किती. आत काय, तर शरीरातून किती करंट जातो ते मोजणारा मीटर, बाकी काही नाही! तळहाताला घाम आला की रेझिस्टन्स कमी होतो, काटा वर चढतो. आणि आवडत्या मुलीचा हात हातात आल्यावर घाम कोणाला येत नाही? म्हणजे मशीन थाप मारतंय असं पण नाही म्हणता येत. माझ्याकडे एक जुना काट्याचा मल्टिमीटर आहे, तो ओहमवर लावायचा, दोन प्रोब दोघांच्या हातात द्यायचे, गणपतीत आमच्या मंडळातल्या पोरांनी या एका मीटरवर दोन संध्याकाळी काढल्यात, आणि एक जोडी तर पुढे खरंच लग्नापर्यंत गेली. त्यात मीटरचा हात नव्हता, पण ते आजही मलाच दोष देतात.

आता मुद्दा असा की या सगळ्यात नवीन काय होतं? काहीच नाही. जाळीचा दरवाजा जुना, मीटर जुना. योकोइंचं आयुष्यभराचं सूत्रच ते होतं, जपानीत त्याला जे म्हणतात त्याचा मराठीत मी लावलेला अर्थ असा, की जून झालेल्या टेक्नॉलॉजीचा आडवा विचार. जून म्हणजे नारळ जून होतो तसं. शहाळ्याचं पाणी गोड खरं पण आज फोडलं तर आजच प्यायचं, जून नारळ मात्र आमटीला चालतो, वडीला चालतो, तेल निघतं, आणि चार महिने कोपऱ्यात पडला तरी हरकत नाही. टेक्नॉलॉजी नवी असते तेव्हा महाग, बिघडणारी, कोणालाच धड न समजलेली. ती जून झाली की स्वस्त होते, सगळे दोष माहीत झालेले असतात, कोणीही रिपेअर करू शकतो. मग तिला तिच्या मूळ कामातून उचलून भलत्याच कामाला लावायची.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'गेम अँड वॉच'. सत्तरच्या दशकात जपानात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून नुसती मारामारी चालली होती, भाव एवढे पडले की कॅल्क्युलेटरची चिप आणि एलसीडी कवडीमोल झाली. आणि योकोइ एकदा शिंकानसेनने, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनने चालले होते, समोर एक ऑफिसवाला कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला. झालं! डोक्यात आलं की खिशात मावेल असं, मोठ्या माणसाला चारचौघात लाज न वाटता खेळता येईल असं काहीतरी पाहिजे. मग म्हणे एके दिवशी मालकांचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून यांनाच गाडी चालवायला लागली आणि गाडीत बोलता बोलता यांनी ही आयडिया सोडून दिली, मालक काही बोलले नाहीत, पण थोड्याच दिवसात शार्पची माणसं ऑफिसात हजर. १९८० मध्ये पहिला गेम आला, 'बॉल', एक माणूस दोन हातांनी चेंडू झेलतोय एवढंच. अकरा-एक वर्षांत या गेम अँड वॉचचे सगळे मिळून ४ कोटी ३४ लाख पीस विकले गेले.

त्याचा डिस्प्ले कसा ते सांगू द्या, कारण ही गंमत तुमच्या घरातल्या काळ्या आकड्यांच्या एलसीडी घड्याळात पण बघता येईल. घड्याळ तिरकं धरा, अंगठ्याने काचेवर हलकंच दाबा, बंद असलेल्या आकड्यांच्या काड्या पण फिकट दिसतात, सगळीकडे 8 8 8 8. म्हणजे प्रत्येक काडी आधीच छापलेली असते, करंट आला की काळी होते. गेम अँड वॉचमध्ये काड्यांच्या जागी माणसं. चेंडू हवेत जिथे जिथे जाऊ शकतो तिथे तिथे एकेक चेंडू आधीच छापलेला, एकामागे एक काळे होत गेले की आपल्याला वाटतं चेंडू उडाला. खरं तर काहीच हलत नाही. कॅल्क्युलेटरला दुसरं कामाला लावलं, बस.

पुढे १९८२ मध्ये याच सिरीजमध्ये 'डाँकी काँग' काढायचा होता. मशीन घडीचं, खिशात टाकायचं, त्याला जॉयस्टिकची काडी कशी लावणार, मोडेल. म्हणून योकोइंनी ते प्लसचं बटण काढलं. हो, तेच. आज जगात गेमचा बहुतेक कुठलाही रिमोट उचला, डाव्या अंगठ्याखाली ते प्लस असतंच. नव्वदच्या दशकात पोरं माझ्याकडे टीव्ही गेमचे रिमोट आणायची, काका, उजवीकडे जात नाही. उघडलं की आत रबराची चटई, त्यावर चार काळे कार्बनचे ठिपके, खाली सर्किट. उजवीकडचा ठिपका घासून गुळगुळीत झालेला असायचा कारण मारिओ सगळा वेळ उजवीकडेच पळतो! खोडरबराने साफ करायचं, नाही जमलं तर दुसऱ्या मेलेल्या रिमोटचा कार्बन कापून फेव्हीक्विकने चिकटवायचा, दहा रुपये घ्यायचो. आणि त्या प्लसच्या मधोमध खालच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, त्यावर ते सी-सॉसारखं डुलतं, म्हणून डावं-उजवं एकदम दाबताच येत नाही. ते बटण कोणी शोधलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ज्याने कोणी केलंय त्याला हात काळे करायची सवय आहे हे मात्र तेव्हाच कळलं होतं.

मियामोतोंचं म्हणाल तर ते आर्टिस्ट म्हणून १९७७ मध्ये कंपनीत आले, आणि १९८१ चा मोठा मशीनवाला (नाणं टाकून उभं राहून खेळायचा) 'डाँकी काँग' त्यांनी केला तो योकोइंच्याच देखरेखीखाली. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'वर दोघांनी मिळून काम केलं. डाँकी काँगमध्ये मारिओ जरा उंचावरून पडला की मरतो, आठवतंय का? मारिओ ब्रदर्समध्ये मात्र कितीही उंचावरून पडू दे, काही होत नाही. ते योकोइंनी पटवलं, मियामोतो आधी तयार नव्हते. आता हा एक नियम काढून टाका आणि पुढचा सगळा मारिओ खेळून दाखवा.

बदकं मारायची बंदूक पण विसरू नका, चाळीत ज्याच्याकडे ती असायची त्याच्या दारात चपलांचा ढीग. १९७० मध्ये निन्टेंडोने प्रकाशाची बंदूक काढली होती, बंदुकीतून उजेड निघतो आणि टार्गेटमध्ये सोलर सेल, हे पण योकोइंचं. मग १९८४ मध्ये त्यांच्या विभागाने टीव्हीवरचा 'डक हंट' केला तेव्हा गोष्ट उलटी केली, टीव्ही उजेड टाकतो आणि बंदूक बघते! ट्रिगर ओढला की स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो चौकोन दिसला तर बदक मेलं. म्हणून तर ती बंदूक आजच्या एलसीडी टीव्हीवर चालत नाही, चित्र जरा उशिरा येतं आणि सगळा हिशोब चुकतो. आजही एखादं गिऱ्हाईक माळ्यावरून ती बंदूक काढून आणतं, काका बिघडलीये. अहो बिघडलेली नाहीये, तुमचा टीव्ही नवीन आहे.

आणि मग गेमबॉय, १९८९. हिरवट स्क्रीन, करड्याच्या चार छटा, मागे लाईट नाही, संध्याकाळी खेळायचं तर ट्यूबलाईटखाली जाऊन बसा. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत, पाठोपाठ सेगाचा गेम गियर, तो पण रंगीत. दोन्ही सहा पेन्सिल सेल खायचे आणि चार-पाच तासांत संपवायचे. गेमबॉयला चार सेल, आणि ते आरामात दहा-पंधरा तास जायचे. आता सांगा, महिन्याच्या शेवटी पोरगं सेल मागायला आलं तर कुठला बाप कुठलं मशीन घेईल? आमच्याकडे तर सेल संपले की उन्हात ठेवायचे, दाताने चावायचे, रेडिओतले काढून टॉर्चमध्ये घालायचे, त्या काळात रंगापेक्षा सेल महत्त्वाचे हे कळायला क्योटोला जायची गरज नव्हती. गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख विकले गेले. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेमबॉय न्यूयॉर्कच्या निन्टेंडो स्टोअरमध्ये बरीच वर्षं काचेत ठेवला होता, बॉडी वितळलेली, आणि आत टेट्रिस चालू! आम्हाला गेमबॉय कुठला परवडायला, आमचा म्हणजे मनीष मार्केटमधला ९९९९ इन १ चा ब्रिक गेम, त्यात खरे गेम पंधरा-वीस आणि बाकी आकडा, पण रूप बघा त्याचं, वर उभा स्क्रीन, खाली डावीकडे दिशा, उजवीकडे बटण. बाप कोण ते तोंडावर लिहिलेलं.

माणूस कधी चुकला नाही असं पण नाही. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' साफ आपटला. टेबलावर स्टँड, त्यात तोंड खुपसून बघायचं, आणि आत सगळं लालच लाल, कारण तेव्हा लाल एलईडीच स्वस्त आणि कमी करंट खाणारा. सूत्र तेच होतं, पण मान दुखली, डोळे दुखले, पावणेआठ लाखसुद्धा धड खपले नाहीत आणि वर्षभरात दुकान बंद. मला विचाराल तर चूक एलईडीची नाही, जे मशीन लोकांनी मांडीवर घेऊन खेळावं म्हणून हा माणूस आयुष्यभर झटला तेच टेबलाला बांधून टाकलं. नारळ जून असला तरी कधी कधी खवट निघतो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कंपनी सोडली, लोक म्हणतात या अपयशामुळे, त्यांनी स्वतः मात्र तसं मानलं नाही. स्वतःची छोटी कंपनी काढली, 'कोतो', आणि बांदाई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीसाठी नवीन मशीनवर काम सुरू केलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला हायवेवर गाडीला किरकोळ टक्कर झाली, काय झालं बघायला खाली उतरले आणि मागून दुसऱ्या गाडीने उडवलं. ५६ वर्षांचे होते. ते मशीन, 'वंडरस्वान', १९९९ मध्ये आलं. किती सेल लागायचे माहितीये? एक. एकच पेन्सिल सेल. त्यावरच्या एका पझल गेमला त्यांचंच नाव दिलंय, 'गुनपेई'.

आता तो पोर्टफोलिओ. माझा भाचा बारावी झाला, त्याला गेम डिझाईन करायचंय. मे २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत वेव्हजचा (सिनेमा, गेम, मनोरंजन असल्या धंद्यांचा) तो मोठा कार्यक्रम झाला तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच. चांगलंय, करू दे. तुमचा लेख घेऊनच ताई आणि तो माझ्याकडे आले, मग आम्ही तिघं एका क्लासमध्ये गेलो, नाव नाही घेत. एसी हॉल, भिंतीवर ड्रॅगन, आणि फी ऐकून ताईने माझ्याकडे बघितलं. वर कॉम्प्युटर वेगळा, त्याचं ग्राफिक कार्ड म्हणजे माझं सहा महिन्यांचं भाडं. मी सहज विचारलं की मॅडम, यात पहिल्या वर्षी मुलं पत्त्यांचा, सोंगट्यांचा, कागदावरचा एखादा गेम बनवतात का, किंवा एखादं जुनं मशीन उघडून बघतात का. त्या हसल्या. म्हणाल्या, अंकल, दॅट इज नॉट गेमिंग, इथे आम्ही लेटेस्ट इंजिन शिकवतो. इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. वाईट नाही वाटलं, पण घरी येताना करी रोडला उतरेपर्यंत मी गप्पच होतो. तुमच्या लेखात पण तेच आहे साहेब, हे सॉफ्टवेअर, तो कोर्स, असा पोर्टफोलिओ, एवढं पॅकेज. सगळं शहाळंच शहाळं.

मी काय म्हणतो, शिका नवीन, कोण नको म्हणतंय, पण सुरुवात तिथून कशाला? लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून पाच मिनिटं, हजार-बाराशेत छोटा बोर्ड, छोटा डिस्प्ले, चार बटणं, एक बझर येतो, त्यावर एक गेम करा जो सकाळी सव्वानऊच्या लोकलच्या गर्दीत एक हात कडीला आणि एका अंगठ्यावर खेळता येईल, आणि भायखळा ते दादर एवढ्यात संपेल. तो जमला की मग ड्रॅगन. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, मामा, असलं आता कोण खेळतं. मी काही बोललो नाही. ड्रॉवरमधला माझा ब्रिक गेम काढला, त्याच्या डिस्प्लेच्या दोन उभ्या लाईनी गेल्या होत्या, उघडून झेब्रा रबर (डिस्प्ले आणि सर्किट जोडणारी रबराची पट्टी) स्पिरिटने पुसलं, परत दाबून बसवलं, लाईनी आल्या, नवीन सेल टाकले आणि काउंटरवर ठेवून दिला. मग मी एका बाईंचा मिक्सर खोलला. मिक्सर होईपर्यंत म्हणजे पाऊण तास हा खाली मान घालून, मोबाईल वाजला तरी उचलेना, शेवटी ताईने मला फोन केला की तो कुठाय. विचारतो कसा, मामा, याला पॉज कुठून करायचं? मी म्हटलं स्टार्टचंच बटण दाब, आणि आधी आईशी बोल.

तर येत्या रविवारी ती दुरुस्ती छापा, तेवढ्याच चौकटीत छापली तरी चालेल. आणि प्रूफवाल्यांना सांगा, नाव गुनपेई योकोइ असं आहे, घाईत योको ओनो छापू नका.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
लालबाग, मुंबई